अल्बर्ट ऑगस्टस पोप

अल्बर्ट ऑगस्टस पोप (२० मे, १८४३ – १० ऑगस्ट, १९०९) हे अमेरिकन उद्योजक होते. अमेरिकेतील सायकल उद्योगाचे संस्थापक म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १८७८ पासून 'कोलंबिया' या नावाने सायकली बनवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित सायकल मानली जात असे. सायकलच्या फ्रेमसाठी वापरायच्या पोलादाची प्रयोगशाळेत चाचणी घेणे, बिनसांध्याच्या नळ्या स्वतःच्या कारखान्यात ओढणे आणि फ्रेमसाठी निकेलयुक्त पोलाद वापरणे या बाबतींत त्यांची कंपनी अग्रेसर होती. शर्यती, मासिके, सायकल मंडळे व चांगल्या रस्त्यांची चळवळ यांच्या आधारे त्यांनी सायकलला ग्राहक मिळवून दिला. हलक्या आणि पुढे स्वस्त सायकलकडे वळलेली याच ग्राहकाची आवड मात्र अखेरीस त्यांच्या व्यवसायाला पेलली नाही.

बालपण व कुटुंब

पोप यांचा जन्म मॅसेच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहरात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव चार्ल्स पोप आणि आईचे नाव एलिझाबेथ बॉगमन पोप असे होते. अल्बर्ट लहान असतानाच कुटुंब बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथे राहावयास गेले. वडील जमीन खरेदी-विक्रीचा व्यवसाय करीत. १८५० च्या दशकात त्यांना त्या व्यवसायात मोठी खोट आली व घरची स्थिती खालावली. त्यामुळे अल्बर्ट यांना नवव्या वर्षापासून शाळेच्या वेळेनंतर शेतावर काम करावे लागले. पुढे शेजारच्या शेतकऱ्यांकडून फळे व भाजीपाला घेऊन तो विकण्याचा उद्योग त्यांनी केला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून ते बॉस्टनच्या बाजारात नोकरीस लागले आणि नंतर जोडे बनवणाऱ्यांना लागणारे सामान विकणाऱ्या दुकानात काम करू लागले.

त्यांच्या जुळ्या बहिणी एमिली व ऑगस्टा या दोघीही वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. त्या काळी अमेरिकेत स्त्री डॉक्टरांची संख्या फारच थोडी होती. अल्बर्ट यांचे चुलतभाऊ एडवर्ड पोप व जॉर्ज पोप यांनी पुढे त्यांच्या कंपनीत महत्त्वाची पदे सांभाळली. १८७१ साली अल्बर्ट यांचा विवाह ॲबी लिंडर यांच्याशी झाला.

यादवी युद्धातील सेवा

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात १८६२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पोप उत्तरेच्या सैन्यात पस्तिसाव्या मॅसेच्युसेट्स पायदळ पलटणीत सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाले. अँटिएटम, फ्रेडरिक्सबर्ग, व्हिक्सबर्ग, नॉक्सव्हिल व पीटर्सबर्ग येथील मोहिमांत ही पलटण होती. युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना लेफ्टनंट कर्नल हा मानाचा हुद्दा देण्यात आला. तेव्हापासून ते 'कर्नल पोप' या नावाने ओळखले जाऊ लागले. १८६५ साली सैन्यातून परतल्यावर त्यांनी बचतीच्या पैशांतून जोड्यांच्या सामानाचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला व त्यात त्यांना चांगला नफा झाला. १८७० च्या दशकात त्यांनी पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. हवेच्या दाबावर चालणारी पिस्तुले व सिगारेट वळण्याचे लहान यंत्र अशा किरकोळ वस्तू ही कंपनी सुरुवातीस विकत असे.

सायकल व्यवसायात प्रवेश

१८७६ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या प्रदर्शनात पोप यांनी इंग्लंडहून आलेल्या उंच चाकाच्या सायकली पाहिल्या. या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, तर मागचे अगदी लहान असे. स्वार पुढच्या चाकाच्या वर बसून त्याच चाकाला जोडलेले पायटे फिरवीत असे. पुढील वर्षी त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या एका इंग्रज गृहस्थांच्या मार्गदर्शनाखाली एक सायकल तयार करवून घेण्यात आली व तिच्यावर पोप चालवण्यास शिकले. या एका सायकलीस ३१३ डॉलर खर्च आला. हाताने एकेक सायकल घडवून व्यवसाय होणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

पोप यांनी प्रथम इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथून काही सायकली आयात केल्या. नंतर, १८७८ साली, कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील वीड शिलाई यंत्र कंपनीला त्या नमुन्यावरून पन्नास सायकली बनवण्याचे काम दिले. वीड कंपनीचा कारखाना पूर्वी शार्प्स बंदुकांचा होता. बंदुका व शिलाई यंत्रे बनवताना त्या भागातील कारागिरांनी अदलाबदल करता येतील असे एकसारखे भाग यंत्रावर तयार करण्याची पद्धत विकसित केली होती. तापवलेले पोलाद साच्यात ठोकून भाग घडवायचे व नंतर यंत्रावर अचूक मापात कापायचे, अशी ही पद्धत होती. शिलाई यंत्रांची मागणी घटत असल्यामुळे वीड कंपनीलाही नव्या कामाची गरज होती. अशा रीतीने 'कोलंबिया' ही अमेरिकेत कारखानदारी पद्धतीने बनलेली पहिली सायकल बाजारात आली. सायकलचे काम वाढत गेले आणि १८९० साली पोप यांनी वीड कंपनीच विकत घेतली.

पेटंटांवरील नियंत्रण

पायट्यांनी चालणाऱ्या सायकलचे अमेरिकेतील मूळ पेटंट प्येर लालमाँ या फ्रेंच कारागिरास १८६६ साली मिळाले होते. ते अनेक हातांतून फिरले होते. पोप यांनी त्याचे हक्क विकत घेतले. त्यासोबत सायकलच्या निरनिराळ्या भागांची इतर अनेक पेटंटेही त्यांनी जमवली. अमेरिकेत सायकल बनवणाऱ्या वा आयात करणाऱ्या प्रत्येकाकडून त्यांची कंपनी दर सायकलीमागे स्वामित्वशुल्क घेत असे. लालमाँचे पेटंट १८८३ साली संपले, तरी इतर पेटंटांच्या बळावर पोप यांनी बाजारावरील पकड काही वर्षे टिकवली. या धोरणामुळे कंपनीला सुरुवातीच्या काळात स्थैर्य लाभले. परंतु स्पर्धकांना बाजारात येणे अवघड झाले व सायकलींच्या किमती चढ्या राहिल्या. त्यामुळे पोप यांच्यावर मक्तेदारीचा आरोप होत राहिला. मॅसेच्युसेट्समधील ओव्हरमन व्हील कंपनीशी त्यांचे बराच काळ न्यायालयीन वाद झाले. स्वतः लालमाँ यांना त्यांच्या शोधातून फारसे काही मिळाले नाही. १८९१ साली बॉस्टन येथे त्यांचे निधन झाले.

ग्राहक घडवण्याचे प्रयत्न

१८७८ साली अमेरिकेत सायकल चालवणारे फारच थोडे होते. घोडागाडी हाकणाऱ्यांचा तिला विरोध होता आणि अनेक शहरांत तिच्यावर बंदी होती. सायकल विकावयाची तर आधी ती चालवणारा वर्ग तयार करावा लागेल, हे ओळखून पोप यांनी सायकल शिकवण्याच्या शाळा, माहितीपत्रके व जाहिराती यांवर मोठा खर्च केला. १८८० साली ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत पोप यांचा व त्यांच्या कंपनीचे वकील चार्ल्स प्रॅट यांचा पुढाकार होता. १८८२ साली पोप यांनी 'द व्हीलमन' हे मासिक सुरू केले व त्याचे संपादन सॅम्युअल मॅक्क्लुअर या तरुणाकडे सोपवले. मॅक्क्लुअर यांनी पुढे स्वतःचे प्रसिद्ध मासिक काढले. 'द व्हीलमन' नंतर 'आउटिंग' या मासिकात विलीन झाले.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सायकल चालवण्यास बंदी होती. १८८१ साली ती मोडल्याबद्दल काही स्वारांना अटक झाली, तेव्हा त्यांच्या खटल्याचा खर्च पोप यांनी उचलला. खटल्यात यश आले नाही. मात्र १८८७ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून सायकलला इतर वाहनांच्या बरोबरीने रस्त्याचा हक्क दिला.

थॉमस स्टीव्हन्स यांनी १८८४ ते १८८६ या काळात सायकलवरून जगाची प्रदक्षिणा केली. त्यांची सायकल उंच चाकाची कोलंबिया होती. सॅन फ्रान्सिस्कोहून निघून ते बॉस्टनला पोहोचल्यावर पोप यांनी त्यांना साहाय्य केले आणि पुढील प्रवासाची वर्णने 'आउटिंग' मासिकात प्रसिद्ध झाली. या प्रवासात स्टीव्हन्स १८८६ साली भारतातही आले. लाहोरहून ग्रँड ट्रंक मार्गाने त्यांनी कलकत्त्यापर्यंत सायकल चालवली. एवढ्या लांबच्या व खडतर वाटेवर सायकल टिकते, याहून मोठी जाहिरात कंपनीला करता येण्यासारखी नव्हती.

चांगल्या रस्त्यांची चळवळ हे पोप यांचे दीर्घकाळ टिकलेले कार्य होय. त्या वेळी अमेरिकेतील गावाबाहेरचे बहुतेक रस्ते कच्चे असत व पावसाळ्यात चिखलाने भरून जात. पोप यांनी १८९० च्या सुमारास मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला रस्तेबांधणीच्या शिक्षणासाठी ६,००० डॉलरची देणगी दिली. रस्त्यांसाठी केंद्रीय सरकारचे स्वतंत्र खाते असावे, या मागणीसाठी त्यांनी सुमारे दीड लाख सह्यांचा अर्ज अमेरिकन संसदेला सादर केला. १८९३ साली कृषी खात्याअंतर्गत रस्ते चौकशी कार्यालय सुरू झाले. पुढील काळातील केंद्रीय महामार्ग प्रशासनाचा उगम या कार्यालयात मानला जातो.

शर्यती आणि सायकलचे बदलते रूप

१८८० च्या दशकात मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे भरणाऱ्या सायकल शर्यती देशभर प्रसिद्ध होत्या. उंच चाकाच्या सायकलीत पुढचे चाक जितके मोठे तितका वेग अधिक असे. त्यामुळे शर्यतीत उंच स्वाराला लाभ मिळे. वेगासाठी सायकल हलकी करण्याची चढाओढ याच मैदानांवर सुरू झाली. सायकल कंपन्या वेगवान स्वारांना सायकली व पैसा पुरवीत आणि त्यांनी केलेले विक्रम जाहिरातीत छापत. असे स्वार हौशी समजावेत की व्यावसायिक, यावरून लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनमध्ये मोठा वाद झाला. १८९४ साली लीगने कंपन्यांचे साहाय्य घेणाऱ्या स्वारांसाठी वेगळा वर्गच निर्माण केला. पोप यांच्या कंपनीनेही शर्यतींचा असा उपयोग करून घेतला.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही दोन जवळजवळ समान चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी 'सेफ्टी' सायकल आणली. त्याच वर्षी या सायकलीवर शंभर मैलांचा विक्रम झाल्यामुळे ती केवळ भित्र्या माणसांचे वाहन आहे हा समज दूर झाला. अमेरिकेत ओव्हरमन कंपनीने १८८७ साली आपली सेफ्टी सायकल काढली. पोप यांची उंच सायकलीत मोठी गुंतवणूक होती, त्यामुळे ते या बदलात किंचित मागे राहिले. त्यांची 'कोलंबिया व्हेलॉस' ही सेफ्टी सायकल १८८८ साली बाजारात आली. तेव्हाच्या सेफ्टी सायकलींना भरीव रबराचे टायर असत व त्या जड असत.

१८८८ साली आयर्लंडमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेले टायर तयार केले. १८८९ साली बेलफास्ट येथे विल्यम ह्यूम यांनी त्यांवर शर्यती जिंकल्या आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत भरीव टायर मागे पडले. हवेच्या टायरमुळे रस्त्याचा धक्का कमी बसू लागला. त्यामुळे फ्रेममध्ये स्प्रिंगा व जाड पोलाद घालण्याची आवश्यकता उरली नाही. दोन त्रिकोणांची साधी, ताठ फ्रेम हाच सायकलचा सर्वमान्य आकार ठरला. पोप यांनी १८९२ साली हार्टफर्ड रबर वर्क्स ही कंपनी ताब्यात घेऊन टायरही स्वतःच बनवण्यास सुरुवात केली.

शर्यतीच्या मैदानावरील प्रत्येक बदल एक-दोन वर्षांत सामान्य ग्राहकाच्या मागणीत उतरू लागला. पोलादी रिमऐवजी हलके लाकडी रिम, खाली वळवलेले हँडल, अरुंद बैठक व कमीत कमी वजन ही सर्व शर्यतीच्या सायकलीची लक्षणे होती. कधीही शर्यतीत न उतरणारे कारकून व दुकानदारही ती मागू लागले. हँडलवर वाकून रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या तरुणांना अमेरिकन वृत्तपत्रे 'स्कॉर्चर' म्हणत व त्यांच्यावर टीका करीत. कंपन्या दरवर्षी नवा नमुना काढीत आणि मागील वर्षाची सायकल जुनाट वाटू लागे.

हलकेपणाच्या या ओढीचे एक बोलके उदाहरण म्हणजे ॲनी लंडनडेरी या नावाने प्रसिद्ध झालेल्या ॲनी कोपचोव्स्की यांचा प्रवास. जून १८९४ मध्ये त्या बॉस्टनहून जगप्रवासास निघाल्या, तेव्हा त्यांच्याकडे स्त्रियांसाठी बनवलेली कोलंबिया सायकल होती. तिचे वजन ४२ पौंड (सुमारे १९ किलो) होते. शिकागोला पोहोचल्यावर त्यांनी ती सोडून दुसऱ्या कंपनीची, पुरुषांसाठी बनवलेली सायकल घेतली. तिचे वजन निम्मे, म्हणजे २१ पौंड (सुमारे साडेनऊ किलो) होते. त्या सायकलीसोबत त्यांनी लांब झग्याऐवजी सुटसुटीत पोशाखही स्वीकारला.

फ्रेमचे पोलाद व चाचणी विभाग

सायकल हलकी करणे म्हणजे मुख्यतः फ्रेमच्या नळीची जाडी कमी करणे होय. सुरुवातीच्या काळात पत्रा वळवून व त्याच्या कडा जोडून केलेल्या नळ्या वापरल्या जात. अशी नळी ताण आल्यावर सांध्यावर उकलण्याची भीती असे. बिनसांध्याच्या पोलादी नळ्या इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे तयार होत व अमेरिकन कारखानदारांना त्या आयात कराव्या लागत. त्यांसाठी स्वीडनचे शुद्ध व मऊ पोलाद वापरले जाई. सायकलचा खप वाढला, तसा या नळ्यांचा तुटवडा भासू लागला. पोप यांनी १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हार्टफर्ड येथेच नळ्यांचा कारखाना काढला. पोलादाचा पोकळ तुकडा एका आतल्या दांड्यावर बसवून साच्याच्या छिद्रातून थंड अवस्थेत ओढला की तो लांब व पातळ होतो. प्रत्येक ओढीनंतर पोलाद कडक होते. म्हणून ते पुन्हा तापवून मऊ करावे लागते. इच्छित मापाची नळी मिळेपर्यंत ही क्रिया अनेकदा करावी लागते.

कारखान्यात पोप यांनी चाचणी विभाग स्थापन केला. हेन्री सूथर हे धातुतज्ज्ञ त्याचे प्रमुख होते. पोलाद किती ताणास तुटते, हे अचूक मोजणारे एमरी यंत्र या विभागात बसवण्यात आले. असे यंत्र तेव्हा मुख्यतः सरकारी शस्त्रागारात आढळत असे. नळ्या, आरे, साखळ्या व हब यांच्या चाचण्या तर होतच, शिवाय संपूर्ण फ्रेमला वारंवार हादरे देऊन ती कोठे तडकते हेही पाहिले जाई. फ्रेम प्रामुख्याने सांध्यांजवळ तुटते, असे या चाचण्यांतून दिसले. नळ्या सांध्यात बसवताना पितळ वितळवून झाळकाम केले जाते. त्या उष्णतेमुळे सांध्यालगतचे पोलाद मऊ पडते व त्याचे बळ घटते.

यावर उपाय म्हणून कंपनीने पोलादाचा प्रकारच बदलला. मऊ पोलादाऐवजी प्रथम अधिक कार्बन असलेले पोलाद घेण्यात आले. त्यानंतर १८९६-९७ च्या सुमारास ५ टक्के निकेल असलेल्या पोलादाच्या नळ्या कोलंबिया सायकलींत वापरण्यात आल्या. निकेलयुक्त पोलाद तोपर्यंत मुख्यतः युद्धनौकांच्या चिलखतासाठी प्रसिद्ध होते. ते कणखर असून चटकन तडकत नाही. जाहिरातींत कंपनीने ही गोष्ट ठळकपणे मांडली. पोलादातील घटकांचे प्रमाण पाहून सायकल निवडावी, ही कल्पना सामान्य ग्राहकाला नवी होती.

या बदलाला एक मर्यादा होती. मिश्रधातू कोणताही असो, सर्व पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. त्यांच्यात फरक असतो तो तुटेपर्यंत सोसण्याच्या बळाचा. त्यामुळे अधिक बळकट पोलादाची नळी पातळ करता येते, परंतु तीच गोलाई ठेवून पातळ केली तर ती पायट्यांवरील दाबाने अधिक लवते. ताठपणा राखण्यासाठी नळीचा व्यास वाढवावा लागतो. १८९० च्या दशकात अमेरिकन सायकलींच्या नळ्या अधिक जाड गोलाईच्या व पातळ भिंतींच्या होत गेल्या, त्याचे हे एक कारण होय. पुढे फ्रेमसाठी आलेल्या प्रत्येक नव्या धातूच्या बाबतीत याच प्रश्नाचा विचार करावा लागला. त्याच दशकात ॲल्युमिनियम, लाकूड व बांबू यांच्या फ्रेमही काही कारखानदारांनी विकून पाहिल्या. त्या लक्षवेधी ठरल्या, परंतु त्यांचे सांधे पोलादाइतके भरवशाचे नव्हते.

भरभराट आणि किमतींची घसरण

१८९३ च्या आर्थिक मंदीनंतरही सायकलची मागणी वाढतच गेली. १८९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत वर्षाला दहा लाखांहून अधिक सायकली तयार होऊ लागल्या. पोप यांनी कोलंबियाच्या भित्तिचित्रांसाठी स्पर्धा ठेवली. तीत मॅक्सफील्ड पॅरिश या तरुण चित्रकारास पहिले पारितोषिक मिळाले. हार्टफर्डच्या कामगार वस्तीजवळची जमीन त्यांनी शहराला उद्यानासाठी दिली. ते आज 'पोप पार्क' म्हणून ओळखले जाते.

कोलंबिया सायकलीची किंमत अनेक वर्षे १२५ डॉलर होती. कामगाराला ती परवडणे कठीण होते. १८९५ साली पोप यांनी ती १०० डॉलरवर आणली. त्यांची विक्रीनीती गुणवत्ता व प्रतिष्ठा यांवर आधारलेली होती. शिकागो येथील वेस्टर्न व्हील वर्क्स या कंपनीने याउलट मार्ग स्वीकारला. साच्यात ठोकून घडवलेले व यंत्रावर कापलेले भाग न वापरता तिने पोलादी पत्र्यावर दाब देऊन हब व सांधे तयार केले. या पद्धतीत धातू कमी वाया जातो व वेळ वाचतो. पूर्वेकडील जुन्या कारखानदारांनी अशा भागांना हलक्या प्रतीचे ठरवले. तथापि त्या सायकली चांगल्या चालत व स्वस्त पडत. दाबून घडवण्याचे हेच तंत्र पुढे मोटार उद्योगात सर्वत्र रूढ झाले.

१८९७ पर्यंत बाजारात गरजेपेक्षा अधिक सायकली आल्या. साध्या सायकलीचा आकार, टायर व वजन यांत आता फारसा फरक उरला नव्हता. त्यामुळे अधिक किमतीच्या सायकलीचा आग्रह ग्राहकाने सोडला. पोप यांना कोलंबियाची किंमत त्या वर्षी ७५ डॉलरवर व नंतर ५० डॉलरवर आणावी लागली. टपालाने माल पुरवणाऱ्या दुकानांतून त्याहूनही कितीतरी स्वस्त सायकली मिळू लागल्या. १८९७ च्या अखेरीस पोप यांची जुनी प्रतिस्पर्धी ओव्हरमन कंपनी बुडाली.

साखळीविरहित सायकल

घसरत्या बाजारात वेगळेपण राखण्यासाठी पोप यांनी १८९७ साली 'कोलंबिया चेनलेस' ही सायकल १२५ डॉलर किमतीस आणली. तिच्यात साखळीऐवजी दातेरी चक्रे व नळीतून जाणारा दांडा यांच्या साहाय्याने मागचे चाक फिरे. कपड्यांना तेल न लागणे व चिखलापासून यंत्रणा सुरक्षित राहणे हे तिचे गुण होते. तथापि ती साखळीच्या सायकलीपेक्षा जड व महाग होती आणि दात्यांतील घर्षणही अधिक होते. हलकी व स्वस्त सायकल मागणाऱ्या ग्राहकांपैकी थोडेच तिच्याकडे वळले. बाजाराची घसरण तिच्यामुळे थांबली नाही.

सायकल संघ व मोटारगाड्या

१८९९ साली क्रीडासाहित्याचे व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंग यांच्या पुढाकाराने चाळीसहून अधिक सायकल कंपन्या एकत्र येऊन 'अमेरिकन बायसिकल कंपनी' हा संघ स्थापन झाला. पोप यांनी आपला सायकल व्यवसाय या संघात विलीन केला. उत्पादन आवरून किमती सावरणे हा संघाचा हेतू होता. अनेक कारखाने बंद करण्यात आले, परंतु मागणी पुन्हा वाढली नाही. शहरातील प्रौढ ग्राहक सायकलपासून दूर जात होता. १९०२ साली संघ दिवाळखोर झाला. पुढील वर्षी पोप यांनी त्याच्या अवशेषांवर पुन्हा ताबा मिळवला व पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचे नाव पुन्हा सुरू केले.

तत्पूर्वी, १८९५ साली, पोप यांनी हायरम पर्सी मॅक्सिम या अभियंत्यास मोटारगाड्यांच्या विकासासाठी नेमले होते. १८९७ पासून हार्टफर्ड येथे विजेवर चालणाऱ्या कोलंबिया गाड्या विकल्या जाऊ लागल्या. पोप यांचा ओढा प्रामुख्याने विजेच्या गाड्यांकडे होता. हा विभाग १८९९ साली इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीशी जोडला गेला. या कंपनीने पेट्रोलच्या गाड्यांवरील सेल्डन पेटंटाच्या आधारे इतर कारखानदारांकडून स्वामित्वशुल्क मागितले. सायकल व्यवसायातील पोप यांच्या जुन्या पेटंटनीतीशी हे धोरण मिळतेजुळते होते. हेन्री फोर्ड यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले व १९११ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

१९०३ नंतर पोप यांनी पोप-हार्टफर्ड, पोप-टोलेडो, पोप-ट्रिब्यून व पोप-वेव्हर्ली अशा नावांनी निरनिराळ्या किमतींच्या गाड्या काढल्या. अनेक शहरांतील कारखाने व अनेक नमुने यांमुळे भांडवल विखुरले गेले. १९०७ च्या आर्थिक संकटात कंपनी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांकडे गेली.

निधन

१० ऑगस्ट, १९०९ रोजी मॅसेच्युसेट्समधील कोहॅसेट येथील निवासस्थानी वयाच्या ६६ व्या वर्षी पोप यांचे निधन झाले. बॉस्टन येथील फॉरेस्ट हिल्स दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची कंपनी त्यानंतर थोडीच वर्षे टिकली. कोलंबिया हे सायकलीचे नाव मात्र मॅसेच्युसेट्समधील वेस्टफील्ड येथील कारखान्यामुळे पुढे चालू राहिले.

वारसा

धातूची शास्त्रीय चाचणी, एकसारख्या भागांचे उत्पादन, दरवर्षी नवा नमुना आणि देशभर पसरलेले विक्रेते या पोप यांनी सायकल व्यवसायात रूढ केलेल्या अनेक पद्धती मोटार उद्योगाने उचलल्या. हार्टफर्डच्या कारखान्यात शिकलेले अभियंते व कारागीर त्या उद्योगात गेले. चाचणी विभागाचे प्रमुख हेन्री सूथर यांनी पुढे मोटारगाड्यांच्या पोलादाची मानके ठरवण्याच्या कामात भाग घेतला.

फ्रेमच्या बाबतीत पोप यांच्या काळात सुरू झालेला क्रम विसाव्या शतकातही टिकून राहिला. १८९७ साली बर्मिंगहॅम येथे अल्फ्रेड रेनल्ड्स यांनी टोकांना जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. सांध्याजवळ फ्रेम तुटण्याचा जो प्रश्न हार्टफर्डच्या चाचण्यांत दिसला होता, त्यावरील तो अधिक काटकसरीचा उपाय ठरला. १९३५ साली त्याच कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची '५३१' ही नळी आणली. पुढील काही दशके शर्यतीच्या आणि हौशी ग्राहकांच्या सायकलींत तिला मोठी मागणी होती. त्यानंतर ॲल्युमिनियम, टायटॅनियम व कार्बन तंतू यांच्या फ्रेम आल्या. यांतील बहुतेक पदार्थ आधी शर्यतीत व नंतर दुकानात आले आणि वजन हाच ग्राहकाच्या निवडीचा एक प्रमुख निकष राहिला. अमेरिकन ग्राहकाला हा निकष शिकवणाऱ्यांत पोप यांचे स्थान अग्रभागी आहे.